मुहूर्ताची फुंकर

१

रंगरावांना वाऱ्याचं वेड लागलं ते निवृत्तीनंतर, ज्या वयात शनिवार पेठेतल्या बाकीच्या माणसांना गुडघ्यांपलीकडे विषय उरत नाही. खडकीच्या कारखान्यात मोटरी दुरुस्त करण्यात त्यांनी उभा जन्म घालवला होता. त्यामुळे गच्चीवर घरी बनवलेली पवनचक्की बसवायचं त्यांनी ठरवलं, तेव्हा इमारतीत कुणाला आश्चर्य वाटलं नाही. वाटला तो वैताग. सोसायटीचे सेक्रेटरी बापूराव यांनी त्यांना जिन्यातच गाठलं.

"रंगराव, वीज मंडळ अजून चालू आहे बरं का. कानावर आलं नसेल तर सांगून ठेवतो."

"चालू असतं तर मी कशाला हा उद्योग केला असता?" असं म्हणून रंगराव पाइप खांद्यावर घेऊन वर गेले.

बोलणं तिरकं असलं तरी कारण सरळ होतं. त्यांच्या बायकोची, दुर्गाबाईंची, फुप्फुसं साथीच्या वर्षात कामातून गेली होती. तेव्हापासून पलंगाशेजारी ऑक्सिजनचं मशीन घुरघुरत असे आणि त्याची नळी दिवसभर बाईंच्या नाकाशी असे. मशीन चाले विजेवर. मागच्या वर्षी कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर जळला, इन्व्हर्टरनं दुपारीच मान टाकली आणि सिलेंडर जिना चढून येईपर्यंत दुर्गाबाईंचे ओठ जांभळे पडले. त्या वेळी रंगराव तिचा हात धरून नुसते बसून होते. विजेच्या कामात केस पांढरे केलेल्या माणसाच्या घरात, विजेवाचून त्याची बायको गुदमरत होती. ही गोष्ट त्यांना आतून खात होती आणि ते कुणाला बोलून दाखवत नव्हते.

मोटर मिळाली जुन्या बाजारात, बंद पडलेल्या एका व्यायामशाळेतल्या ट्रेडमिलची. पाती त्यांनी पी.व्ही.सी.च्या जाड पाइपातून कापली आणि दुर्गाबाईंच्या खोलीचं दार लावून, बाहेर सज्जात बसून घासली. वीज किती येते हे दाखवायला मात्र त्यांनी आकड्यांचं मीटर आणलं नाही. काट्याचं आणलं. "आकडा नुसता बोलतो, काटा वागून दाखवतो," असं त्यांचं म्हणणं होतं.

पाडव्याला चक्की वर न्यायची होती. ती खोलीत लाकडी घोड्यावर उभी करून रंगराव नट आवळत होते, तेव्हा दुर्गाबाई उशीला टेकून बसल्या.

"तुमच्या कारखान्यात खंडेनवमीला लेथलासुद्धा हार घालायचात. आणि माझ्यासाठी केलेलं यंत्र तसंच पारोसं वर न्यायचं होय?"

मग हळदकुंकू आलं. तिन्ही पात्यांना बोटं लागली, मोटरीला लागलं. रंगराव मीटरच्या तारा जोडून बसलेच होते. "वारा कुठंय इथं? मुहूर्त वरच करू," ते म्हणाले. तेवढ्यात दुर्गाबाईंनी नाकातली नळी बाजूला केली, होता नव्हता तेवढा श्वास गोळा केला आणि पात्यावर फुंकर मारली. पातं अर्धा वळसा फिरलं. काटा जागचा हलला. बाईंना खोकल्याची उबळ आली आणि त्या उबळीतही त्या हसत होत्या. रंगरावांनी आधी नळी नाकाला लावली, मग रागावले आणि मग स्वतःही हसले.

२

गच्चीवर चक्की बरी चालली. नदीकडून संध्याकाळचा वारा आला की पाती भणभणायची, तार खिडकीतून खाली उतरून पलंगाच्या उशाशी यायची, तिथं मीटरचा काटा उजवीकडे झुकायचा आणि पलंगाखालची बॅटरी थोडी थोडी भरायची. एवढ्या विजेवर मशीन फार वेळ चालणार नाही हे रंगरावांना ठाऊक होतं. पण सिलेंडर जिना चढून येईपर्यंत चाललं तरी त्यांना पुरेसं होतं.

"चहा होतो का हो एवढ्या विजेवर?" बापूरावांनी विचारलं.

"होतो. पण फक्त आपला आपल्यापुरता."

चक्कीजवळ जाण्याचा त्यांचा एक नियम होता. खांबाच्या बुंध्याशी एक खटका बसवला होता. तो खाली केला की मोटरीच्या दोन्ही तारा एकमेकींना भिडत आणि मोटर इतकी जड होई की पाती जागीच अडत. खटका खाली केल्याशिवाय पात्याला हात लावायचा नाही. फिरत्या पात्यानं बोटं गेलेली माणसं त्यांनी पाहिली होती.

वैशाखात एका दुपारी समोरच्या घरातली तेजस्विनी वाळलेले कपडे घेऊन खाली आली. ती कंप्युटरच्या कंपनीत होती आणि घरूनच काम करायची. मधल्या वेळात दुर्गाकाकूंकडे डोकावून जायची तिला सवय होती.

"काका, भारी काम केलंयत. वर हवा अज्जिबात नाहीये, तरी तुमचं मस्त फिरतंय. सॉलिड एफिशियन्सी आहे."

"झुळूक असेल."

"नाही ना. लिटरली पान हलत नाहीये."

रंगराव वर गेले. दोरीवर राहिलेली चादर सरळ खाली लोंबत होती. बापूरावांच्या कुंडीतली तुळस गप्प उभी होती. ऊन अंगावर ओतल्यासारखं पडत होतं आणि त्या सगळ्या निश्चल गच्चीत चक्कीची पाती सावकाश फिरत होती. थोडी वेगात, मग मंद, मग थोडी वेगात.

घाबरण्यासारखं काही नव्हतं. अशा चक्कीचा एक ठरलेला रोग असतो. वीज बॅटरीकडे जाईल पण परत फिरणार नाही, यासाठी तारेत एक डायोड घालावा लागतो. तो बिघडला की बॅटरीतली वीज उलटी मोटरीकडे येते आणि वारा नसताना पाती पंख्यासारखी फिरतात. नवशिके लोक त्यालाच वारा समजून टाळ्या वाजवतात. रंगराव मनातल्या मनात स्वतःला हसले आणि डायोड काढून तपासला. तो ठणठणीत होता. खाली जाऊन त्यांनी काटा पाहिला. वीज परत जात असती तर तो डावीकडे झुकला असता. तो उजवीकडे होता.

त्यांनी बॅटरीची तार सोडून ठेवली आणि पुन्हा वर गेले. बॅटरीशी आता काही संबंध उरला नव्हता. पाती फिरतच होती.

बोट ओलं करून त्यांनी ते डोक्यावर धरलं. चक्कीच्या पुढे धरलं, मागे धरलं. बोट उन्हानं वाळलं, वाऱ्यानं नाही. शेजारच्या इमारतीचा पत्रा तापला असेल, गरम हवा वर चढत असेल, ती पात्यांत सापडत असेल, असं त्यांनी स्वतःला समजावलं. ते त्यांना पटलं नाही, पण त्या दुपारपुरतं पुरलं. बॅटरीची तार त्यांनी पुन्हा जोडून टाकली.

३

त्यानंतर रंगराव मीटरसमोरून उठेनात. पेपर मांडीवर, चष्मा कपाळावर आणि नजर काट्यावर. दुर्गाबाई आधी चेष्टा करायच्या. "लग्न ठरलं तेव्हा माझ्याकडं इतकं बघितलं नव्हतं तुम्ही." मग त्याही गप्प झाल्या, कारण हल्ली त्यांना लवकर दम लागत होता.

काटा चढायचा, उतरायचा, शून्यावर टेकायचा, पुन्हा चढायचा. वारा असा वागत नाही. वाऱ्याला धरबंध नसतो, तो कधी येतो, कधी जातो, कधी तासभर फिरकत नाही. हा काटा शिस्तीचा होता. रंगरावांना ती शिस्त ओळखीची वाटत होती, पण कुठली ते ध्यानात येत नव्हतं आणि त्यामुळे त्यांना जेवण गोड लागत नव्हतं.

एकदा दुपारी दुर्गाबाईंना डोळा लागला होता. अंगावरची गोधडी वर होत होती, खाली होत होती. रंगरावांची नजर काट्यावरून गोधडीवर गेली आणि पुन्हा काट्यावर आली. गोधडी खाली बसली की काटा वर चढत होता. गोधडी फुगली की तो शून्यावर येत होता. ते कितीतरी वेळ बघत राहिले. झोपेत बाईंनी एक मोठा सुस्कारा सोडला आणि काटा मीटरच्या पार टोकाला जाऊन आला.

योगायोग, ते स्वतःला म्हणाले. दोन घड्याळं एका भिंतीवर टांगली तर कधीमधी टोले एकत्र पडतात. पण माणूस हिशेबी. नुसतं म्हणून त्याचं समाधान होईना.

बाई जाग्या झाल्यावर त्यांनी डॉक्टरांनी दिलेलं तीन गोळ्यांचं यंत्र पुढं केलं. त्याची नळी तोंडात धरून श्वास ओढला की प्लास्टिकच्या गोळ्या वर चढतात. फुप्फुसांचा व्यायाम.

"आत्ता? सकाळी केला की."

"एकदा कर. माझ्यासाठी."

दुर्गाबाईंनी श्वास ओढला. एक गोळी चढली, दुसरी जेमतेम उचलली गेली. काटा शून्यावर पडून राहिला. "आता धरून ठेव," रंगराव म्हणाले. त्यांनी धरून ठेवला. काटा हलला नाही. वर गच्चीत एवढी जड पाती अशी क्षणात थांबू शकत नाहीत, हे रंगरावांना माहीत होतं. "सोड." त्यांनी सोडला आणि काटा उचलला गेला.

"काय झालं? तुमचा चेहरा असा का झालाय?"

"ऊन लागलंय."

दुर्गाबाईंनी नळी नीट केली आणि डोळे मिटले. "एक सांगू का? हसू नका. हल्ली श्वास सोडला ना, की तो लांब जातो असं वाटतं. पूर्वी इथंच घुटमळायचा, उशीपाशी. आता कुणीतरी घेऊन जातं. वाया जात नाही."

 रंगरावांनी तिच्या पायावरची गोधडी उगाच सारखी केली.

४

त्या आठवड्यात बॅटरी पहिल्यांदा काठोकाठ भरली. खोटं कशाला बोला, ते बघून रंगरावांना आधी आनंदच झाला. आपल्या हातानं केलेल्या वस्तूनं काम केलं की माणसाला होतोच. पण मग त्यांनी बाईंच्या बोटाला चिमट्याचं मीटर लावलं. ऑक्सिजनचा आकडा पूर्वी कधी इतका खाली आलेला नव्हता. बॅटरी भरत होती तसतशा दुर्गाबाई रिकाम्या होत चालल्या होत्या, आणि हे दोन्ही एकाच पलंगावर, वर आणि खाली, चाललं होतं. रंगरावांना स्वतःच्या त्या आनंदाची किळस आली.

डॉक्टरांनी फोनवर मशीनचा जोर वाढवायला सांगितलं. "वय आहे, उन्हाळा आहे, थोडं खालीवर होणारच," ते म्हणाले. त्यांना काट्याबद्दल काय सांगायचं? सांगितलं असतं तर त्यांनी रंगरावांनाच दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवलं असतं.

एका जागी त्यांना बसवेना. खोलीतून सज्जात, सज्जातून जिन्यात, जिन्यातून गच्चीत. गच्चीत गेलं की खालची काळजी, खाली आलं की वरची. पाडव्याची ती फुंकर मधूनच आठवे आणि ते मान झटकत. घरची बाई नारळ फोडते म्हणून मोटारगाडी तिचं ऐकायला लागत नाही. हळदकुंकू म्हणजे हळद आणि कुंकू, त्यात दुसरं काही नसतं. असं ते जिन्याच्या प्रत्येक वळणावर स्वतःला सांगत होते.

शेवटी एका सकाळी त्यांनी ठरवलं की खेळ पुरे. चक्की उतरवायची. त्या वेळी तेजस्विनी काकूंना पेज भरवत होती, म्हणजे खाली माणूस होतं. रंगराव नट सोडवायचे पाने घेऊन वर गेले. गच्ची तशीच निवांत होती, पाती तशीच फिरत होती, थोडी वेगात, मग मंद. पात्याला हात लावायचा तर आधी खटका. इतक्या वर्षांची सवय, हात आपोआप गेला. त्यांनी खटका खाली केला. पाती अडली.

नट अर्धा सैल झाला नसेल, तोच खालून हाक आली. तेजस्विनी जिन्यात उभी राहून ओरडत होती. "काका, खाली या. काकूंना बघा, प्लीज, लवकर."

रंगराव पायऱ्या गाळत गच्चीखालच्याच आपल्या घराशी उतरले. दाराची चौकट धरून त्यांनी आत पाहिलं. तिथून खोलीतला पलंग दिसत होता. मशीन चालू होतं. नळी नाकाला होती. दुर्गाबाईंचं तोंड उघडं होतं, डोळे उघडे होते, गळ्याच्या शिरा ताठ झाल्या होत्या आणि छाती हलत नव्हती. घास अडकल्यासारखं काही नव्हतं. छाती जिथल्या तिथं अडली होती.

तेजस्विनी त्यांच्याकडे बघत होती. ते बायकोकडे धावतील असं तिला वाटलं असणार. रंगराव मागे वळले आणि वर पळाले. त्यांनी खटका वर केला. पाती हलली, अर्धा वळसा, पाऊण, आणि खालून घशातून ओढलेल्या श्वासाचा मोठा, कोरडा आवाज आला.

"असं काय केलंत काका?" नंतर तेजस्विनीनं विचारलं. तिच्या आवाजात राग होता. "मी बोलावत होते आणि तुम्ही वर काय पळालात?"

"तिला बरं वाटलं ना?"

"तो पॉइंट नाहीये, काका."

 रंगराव ग्रीसनं माखलेले हात फडक्याला पुसत राहिले.

५

दुपारी ॲम्ब्युलन्स आली. दुर्गाबाईंना खुर्चीत बसवून जिन्यानं खाली नेलं. खाली जाताना त्या मास्कच्या आतून म्हणाल्या, "वरचं बंद नका करू हं." त्यांना काय माहीत होतं आणि काय नव्हतं, हे रंगरावांनी विचारलं नाही. विचारायची त्यांना भीती वाटली.

तरी गाडी लक्ष्मी रस्त्याच्या गर्दीतून रेटत निघाली तेव्हा त्यांना थोडं हलकंच वाटलं. चक्कीपासून लांब. तारेपासून लांब. हॉस्पिटलात मोठी यंत्रं होती, मोठे सिलेंडर होते, भिंतीतून येणारा ऑक्सिजन होता. शहाण्यासुरत्या माणसांनी भरलेली जागा होती. तिथं कुणाचा श्वास कुणाच्या गच्चीत जात नव्हता.

जुने कागद आणि कपडे आणायला एक जण घरी जाणं भागच होतं. तेजस्विनी लॅपटॉप घेऊन बाईंच्या खोलीबाहेरच बसली. "तुम्ही जाऊन या काका. मी आहे. काकू झोपल्यायत."

घरी आल्यावर रंगराव आधी कपाटाशी गेले. फाईल घेतली, दोन साड्या घेतल्या, टॉवेल घेतला. मशीन बंद होतं. ते बंद असलं की खोलीला इतकी शांतता असते हे ते विसरूनच गेले होते. बाईंच्या उशीवर डोक्याचा खड्डा तसाच होता. सवयीनं त्यांची नजर उशाशी गेली.

काटा चढत होता. उतरत होता. शून्यावर टेकत होता आणि पुन्हा चढत होता.

ते रिकाम्या पलंगाच्या कडेवर बसले. पिशवी मांडीवर होती. पळून जावं असं त्यांना वाटलं नाही. वाटलं ते वेगळंच आणि त्याची त्यांना लाज वाटली. त्यांना बरं वाटलं. ती तिकडे होती आणि तिचा श्वास इथं त्यांच्या डोळ्यांसमोर होता. फोन करून विचारायची गरज नव्हती. तरी त्यांनी पडताळा घेण्यासाठी फोन लावलाच.

"झोपल्यायत शांत," तेजस्विनी कुजबुजली. "मी काचेतून बघतेय. ब्रीदिंग नॉर्मल आहे."

"आत्ता श्वास सोडला का तिनं?"

"काय?"

"काही नाही. निघतोच मी."

पण ते निघाले नाहीत. उन्हं खिडकीतून भिंतीवर चढली, मंडईकडून येणाऱ्या टेम्पोंचे आवाज वाढले, ओंकारेश्वराची घंटा झाली. रंगराव काट्याबरोबर श्वास घेत बसून होते. आता उठू, हा एक झाला की उठू, असं ते म्हणत होते.

आणि मग काटा चढला तो पूर्वीइतका चढला नाही. पुढचा त्याहून कमी. त्यानंतर बराच वेळ तो शून्यावरच राहिला, थोडा उचलला गेला आणि पडला.

६

गच्चीचं दार त्यांनी कसं उघडलं हे त्यांना आठवलं नसतं. पश्चिमेला तांबूस उजेड होता. नदीचा रोजचा उग्र वास येत होता. वारा नव्हता. पाती थांबत चालली होती. एक पातं वर येता येता अडखळलं, जागीच डुललं आणि मागे आलं.

रंगरावांनी खटका खाली केला नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी जिवंत चक्कीच्या पात्यावर हात ठेवला आणि ढकललं.

पातं गेलं. त्यांनी हात सोडला. पुन्हा ढकललं. ढकलायचं, सोडायचं, थोडं थांबायचं. किती थांबायचं हे त्यांना शिकावं लागलं नाही. इतके दिवस त्यांनी दुसरं काय केलं होतं? चक्की अशी हातानं फिरवली तर वारा पात्यांपुढं जरासा हलतो, तेवढाच. पण प्रत्येक वळशाला त्यांच्या गालावर मोटरीच्या बाजूनं हवा येत होती. उबदार, ओलसर हवा. तिला लवंगेचा वास होता. दुर्गाबाई खोकल्यासाठी दाढेत लवंग धरत असत. रंगराव मान वळवून त्या बाजूला बघणार होते. मोटरीच्या मागं, पत्र्याच्या टोपणापलीकडे, अगदी जवळ, कुणीतरी तोंड उघडं ठेवून आहे असं त्यांना वाटलं. त्यांनी मान वळवली नाही. नजर समोरच्या टाकीवर ठेवली आणि पातं ढकललं.

खिशात फोन वाजला. उजवा हात पात्यावर ठेवून त्यांनी डाव्यानं तो काढला.

"काका, कुठे आहात तुम्ही?" तेजस्विनीला धाप लागली होती. "आत्ता काकूंचं एकदम ड्रॉप झालं होतं. डॉक्टर, सिस्टर सगळे धावत आले. पण आलं परत. आपोआप आलं. आता ठीक आहे म्हणतायत."

"ठीक आहे ना?"

"हो. जाग्यासुद्धा झाल्यायत."

सुटकेनं त्यांचे डोळे भरून आले. मग त्यांच्यातला जुना माणूस जागा झाला, एकदा मोजून समाधान न होणारा, उलटं करून बघणारा. काय पुरावा होता? काहीच नाही. एक म्हातारा गच्चीवर पवनचक्की फिरवतोय, एवढंच. त्यांनी पात्यावरचा हात काढून घेतला.

पाती मंदावली. थांबली. फोनमधून यंत्राची टिकटिक ऐकू येत होती. ती बदलली.

"एक मिनिट काका," तेजस्विनी म्हणाली. पावलं धावली. कुणीतरी कुणाला तरी मोठ्यानं काही सांगितलं. टिकटिकीच्या जागी एक लांब, सपाट आवाज सुरू झाला.

रंगरावांनी पातं धरलं आणि ढकललं. पुन्हा ढकललं. त्यांच्या तोंडून काहीतरी निघत होतं, देवाचं नाव असेल किंवा तिचं. पुन्हा ढकललं.

"आलं," तेजस्विनीचा आवाज आला. "आलं परत. सिस्टर म्हणतायत बोटाची क्लिप सरकली असेल. बाप रे, घाबरले मी. काका? आहात ना?"

"आहे."

क्लिप सरकली असेल. सरकू शकते. रंगरावांनी ते ऐकलं, आणि पुन्हा हात काढून बघायचं धाडस त्यांना झालं नाही. आता होणारही नव्हतं. खांदा भरून आला होता. खाली बापूरावांच्या घरी बातम्या लागल्या होत्या. गच्चीचं दार त्यांच्यामागे उघडंच होतं आणि जिना होता आणि रस्ता होता आणि रिक्षानं थोड्याच अंतरावर ती होती.

"काकू बोलायचं म्हणतायत," तेजस्विनी म्हणाली. "मी फोन धरते त्यांच्यापाशी. जास्त बोलू देऊ नका हं."

फोनमध्ये मास्कमधला सुस्कारा ऐकू आला.

"अ..." दुर्गाबाई म्हणाल्या आणि अडल्या. रंगरावांनी पातं पुढं ढकललं. "...हो," उरलेलं आलं.

"बोल."

"कधी..." त्यांनी ढकललं. "...येताय? एकटं..." ढकललं. "...वाटतंय मला."

रंगरावांना हुंदका आला आणि त्यांनी तो गिळला, कारण हुंदक्यानं हाताची लय चुकली असती.

"निघतोच," ते म्हणाले, फोन खांद्यात धरला आणि हात बदलला.